जाळीखालचा लोनप्पन

इरिंजालकुडाच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांत लोनप्पनचा चेहरा ओळखणारे थोडे आणि आवाज ओळखणारे सगळे. जीपवर दोन भोंगे बांधून तो गावोगाव पुकारा करत फिरायचा. जीप वळणावर दिसायच्या आधी "मान्य महाजनहो!" ऐकू यायचं, आणि त्या दोन शब्दांवरूनच बायका ताडायच्या की आज काय आहे. पहिल्या शब्दावर जोर असेल तर साड्यांचा सेल. दुसऱ्यावर असेल तर चर्चचा उत्सव. आणि दोन्ही शब्द दुधाच्या सायीवरून घसरल्यासारखे मऊ आले की कोणीतरी गेलं. मग गॅस बारीक करून सगळ्या फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या, कोण गेलं ते ऐकायला.

वय सत्तावन्न, अंगाने बुटका, पांढरं मुंडू लुंगीसारखं गुंडाळून गुडघ्यापर्यंत दुमडलेलं, वरच्या खिशात जिरं-खडीसाखरेची पुडी. जीप चालवायचा सुकुमारन. दोघांची जोडी तीस वर्षांची, आणि त्या तीस वर्षांत सुकुमारन एकूण तासभर बोलला असेल. त्याला वावच मिळाला नव्हता.

त्या वर्षी ओणम झाल्यावर लोनप्पनचा आवाज बसला. बायकोने, कोच्चुथ्रेस्याने म्हणजे थ्रेस्याने, सुंठ-मिऱ्यांची काळी कॉफी दोन आठवडे पाजली. आवाज उठेना.

"तीस वर्षं लोकांनी तुमचं ऐकलं," ती म्हणाली, "आता देवाला त्या लोकांची दया आली असेल."

लोनप्पनने ते हसण्यावारी नेलं. पण एका सोमवारी तो सोन्याच्या दुकानाच्या सेलचा पुकारा करत फिरत असताना एका घरातून म्हातारी रडतच बाहेर आली. "कोण गेलं रे लोनप्पा? आमचा अंतोणी का?" अंतोणी मागे पायरीवर बसून पुट्टू खात होता. घसा बसल्यामुळे शब्द इतके मऊ पडत होते की सगळ्या वस्तीला सेल हे मरणच वाटलं होतं. दुकानदाराने दुपारीच फोन करून सांगितलं, "लोनप्पा, उद्यापासून नको. सकाळपासून माझ्या दुकानात लोक सांत्वनाला येतायत."

तेव्हा कुठे तो डॉक्टरकडे गेला. घशात नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. स्वरतंतूवर मसुराच्या डाळीएवढं काहीतरी होतं, आणि ते कॅन्सरचं निघालं.

त्रिशूरच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "लवकर सापडलंय. कापाकापी नाही. तेहेतीस दिवस किरणांचा उपचार, आठवड्याला पाच दिवस. आवाज बहुतेक परत येईल. तोवर कमी बोला."

आमच्याकडे किरणांच्या उपचाराला लोक 'करंट घेणं' म्हणतात. लोनप्पनने करंटला मान डोलावली, पण 'कमी बोला' एवढंच त्याच्या डोक्यात बसलं आणि त्याने बोलणं पार बंद केलं. शाळेतल्या पोरासारखी एक पाटी गळ्यात अडकवली, दुसरी घरी दाराच्या खिळ्याला टांगली आणि जे सांगायचं ते त्यांवर लिहू लागला. अक्षर मात्र वळणदार. गावात सगळे म्हणायचे, बघा, माणूस किती शिस्तीने दुखणं काढतोय.

हॉस्पिटलात मशीन चालवणारी रम्लत नावाची तिशीतली मुलगी होती. पहिल्या दिवशी तिने त्याच्याकडून कागद भरून घेतले. एका कागदावर थर्मामीटरचं चित्र होतं. मनाला किती त्रास होतोय, शून्यापासून दहापर्यंत, तिथे खूण करा. लोनप्पनने शून्याला गोल केला आणि तो सावकाश गिरवला.

रम्लत थोरल्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, "चेट्टा, शून्य कोणी भरत नाही हो. लग्नाला निघालेला नवरामुलगासुद्धा तीन तरी भरतो."

लोनप्पनने हसून आपल्या पुकाऱ्याचं छापील पत्रक तिच्या हातात ठेवलं. तीस वर्षांची सवय. नवीन माणूस दिसला की पत्रक. रम्लतने ते कागदांच्या मागे टाचून ठेवलं.

मग त्याला टेबलावर निजवलं. गरम पाण्यातून काढलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर आणि गळ्यावर अंथरली. गार होता होता ती चेहऱ्याचा साचा घेऊन कडक झाली. आता उपचाराला रोज हीच जाळी घालायची आणि कडेचे खटके टेबलात अडकवायचे, म्हणजे मान तसूभर हलत नाही आणि किरण नेमके त्या मसुराच्या डाळीवर पडतात.

सगळे बाहेर गेले. जाडजूड दार लागलं. मशीन घुरघुरत डोक्यावरून फिरू लागलं. लोनप्पनने तोंड उघडायला बघितलं, तर जबडा उघडेना. ज्या माणसाच्या हाकेला तीन गावं फाटकाशी यायची, त्याला साधी 'ओ' द्यायची सोय राहिली नव्हती. जेमतेम तीन मिनिटं लागली. तो बाहेर आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

"बरं वाटलं ना, चेट्टा?" रम्लतने विचारलं.

लोनप्पनने अंगठा वर केला.

असे सहा दिवस त्याने काढले. घरी जेवण उतरेना. कैरी घातलेलं माशाचं कालवण समोर तसंच गार व्हायचं. थ्रेस्याला वाटलं, करंटने भूक मेली असेल. डोळा लागला की जाळी चेहऱ्यावर यायची. मुंडू कमरेवर राहीना म्हणून त्याने पट्टा लावायला सुरुवात केली, आणि तो पट्टासुद्धा दर दोन दिवसांनी एक भोक आत जायचा. पाटीवर मात्र रोज एकच शब्द: "उत्तम."

सातव्या दिवशी, सोमवारी, तो बसमधून उतरला, हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेला, तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि वळला. पाय आपोआप तेक्किनकाड मैदानाकडे गेले. तिथे झाडांखाली निवृत्त म्हातारे दिवसभर 'छप्पन्न' नावाचा पत्त्यांचा डाव मांडून बसतात. लोनप्पन एका डावामागे जाऊन उभा राहिला. बघ्यांनी बोललेलं त्या मंडळींना खपत नाही, आणि हा तर गळ्यात पाटी अडकवलेला मुका माणूस. त्यांनी त्याला लगेच बसायला जागा केली.

मोबाइल बंद करून तो संध्याकाळी घरी गेला. सोमवारी पाटीवर लिहिलं, "मशीन नादुरुस्त." मंगळवारी, "झालं." बुधवारी, "झालं. डॉक्टरीणबाई खूश." थ्रेस्याला इतका आनंद झाला की तिने शेवयांचं पायसम केलं आणि समोर बसून त्याला वाटीभर खायला लावलं. त्या दिवशी ते पायसम त्याच्या घशाखाली कसं उतरलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

हॉस्पिटलातून त्याच्या मोबाइलवर रोज फोन जात होता आणि रोज बंद लागत होता. शुक्रवारी सकाळी रम्लतला ते पत्रक सापडलं. तिने त्यावरच्या नंबरला फोन लावला. तो फोन जीपमध्ये सुकुमारनजवळ असायचा.

"हॅलो, पुकारा बुकिंग. सेल, उत्सव की मरण?"

"हॉस्पिटलातून बोलतेय. लोनप्पन चेट्टा आहेत का?"

"अयो! म्हणजे मरण?" सुकुमारन किंचाळला.

"अजून नाही," रम्लत म्हणाली. "पण ते सोमवारपासून आलेच नाहीत."

थ्रेस्या अंगणात नारळ खवत होती. सुकुमारनने सांगितलं ते तिने ऐकून घेतलं, दाराच्या खिळ्याला टांगलेल्या घरच्या पाटीकडे बघितलं. कालचं "झालं, उत्तम" तिथे तसंच होतं. हाताला खोबरं लागलेलं असतानाच ती जीपमध्ये चढली.

"चार दिवस!" ती त्रिशूर येईपर्यंत म्हणत होती. "चार दिवस हा माणूस खोटं लिहितोय, आणि मी त्याला शेवया चारल्या!"

हॉस्पिटलात तो नव्हता. बस स्टँडवर नव्हता. मैदानाभोवतीच्या गोल रस्त्याला जीपने दोन फेऱ्या मारल्या. झाडांखाली पांढरी मुंडवं आणि पांढरे सदरे घातलेली शंभर माणसं.

"चेची, यातला आपला कुठला, कसं ओळखायचं?" सुकुमारन म्हणाला.

"माइक कुठाय?"

"चेची, तो माइक लोनप्पन सोडून कोणी..."

"माइक!"

आणि मग त्रिशूरच्या गोल रस्त्यावर, भर दुपारी, लोनप्पनच्या स्वतःच्या भोंग्यांतून त्याच्या बायकोचा आवाज सुटला.

"ऐका! ऐका हो! हरवला आहे! पुकारावाला लोनप्पन! वय सत्तावन्न, उंची कमी, खोटेपणा जास्त! गळ्यात पाटी आहे! पाटीवर लिहिलेल्या कशावरही विश्वास ठेवू नये! सापडल्यास हॉस्पिटलात पोचवावा, घरी आणू नये!"

छप्पन्नचा डाव थांबला. एका म्हाताऱ्याने हातातले पत्ते छातीशी धरून लोनप्पनकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं. "गड्या," तो म्हणाला, "हे तुझ्याबद्दल दिसतंय."

लोनप्पनला शरम वाटली, भीती वाटली, हे खरं. पण त्याला उठवलं ते वेगळ्याच गोष्टीने. थ्रेस्याने माइक तोंडाला इतका चिकटवला होता की प्रत्येक 'प' फटाक्यासारखा फुटत होता. पुकारा, पाटी, पोचवावा. त्याच्या कानाला ते सहन होईना. तो तरातरा मैदान ओलांडून जीपपाशी आला, हात वर करून त्याने माइक तिच्या तोंडापासून चार बोटं लांब केला.

"आलात का!" थ्रेस्या म्हणाली, आणि माइक चालूच असल्यामुळे तेही सगळ्या गोल रस्त्याने ऐकलं. कुठेतरी टाळ्या वाजल्या.

सुकुमारनने माइक बंद केला, जीप एका झाडाखाली लावली आणि चहा प्यायला म्हणून निघून गेला. लोनप्पन मागच्या बाकावर बसला. थ्रेस्याने वाटभर जमवलेल्या शिव्या तोंडाशी आल्या होत्या. पण तिने त्याच्या पट्ट्याकडे बघितलं. पट्ट्याला खिळ्याने नवीन दोन भोकं पाडलेली होती.

"ओ माणसा," ती म्हणाली, "काय झालंय?"

त्याने पाटी पुसली. मग लिहिलं, "जाळीखाली तोंड उघडत नाही. मी हाक मारली तरी कोणाला ऐकू येणार नाही."

तिने वाचलं. "मग हे सांगायचं नाही?"

त्याने पुसून पुन्हा लिहिलं, "लोनप्पन घाबरला, हा पुकारा कोण करणार?"

"मी," थ्रेस्या म्हणाली. "आत्ताच करून दाखवला असता, पण त्या गड्याने माइक बंद केला." आणि खोबऱ्याच्या हाताने तिने त्याचे डोळे पुसले, त्यामुळे ते जास्तच झोंबले.

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याचं वजन घेतलं. साडेपाच किलो उतरलं होतं. मग त्या म्हणाल्या, "हे बघा. मन घाबरलं म्हणून गाठ वाढते, असं मी सांगणार नाही, ते खरं नाही. पण घाबरलेला माणूस जेवत नाही, झोपत नाही, तारखेला येत नाही. आणि या उपचारात मधे खंड पडला की गाठीचं फावतं. एकेक दिवस मोलाचा असतो. तुम्ही चार घालवलेत. चिडून सांगत नाही, हिशेबाने सांगतेय. काही दिवस दोनदा करंट घेऊन ते भरून काढू. पण आता आधी मला खरा आकडा हवा."

रम्लतने थर्मामीटरचं चित्र पुढे केलं. लोनप्पनने आठ लिहिलं. थ्रेस्याकडे बघितलं, आठ खोडलं आणि नऊ लिहिलं.

"आता कसं," रम्लत म्हणाली, "माणसाचा आकडा आला."

त्या दिवशी तिने लगेच मशीन लावलं नाही. आधी जाळी त्याच्या हातात दिली. "तुम्हीच धरा चेहऱ्यावर. नको वाटली की काढा." त्याने दहा वेळा धरली, दहा वेळा काढली. डॉक्टरीणबाईंना विचारून तिने डोळ्यांवरचा भाग कापून टाकला. "गळा हलला नाही म्हणजे झालं. डोळ्यांनी तुम्ही छत बघा, पंखा बघा, काय हवं ते बघा." मग त्याच्या मुठीत रबराचा एक फुगा दिला. तो दाबला की बाहेर घंटी वाजायची आणि मशीन थांबायचं. शेवटी ती दोघांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. तिथे पडद्यावर आतलं रिकामं टेबल दिसत होतं.

"तुम्ही आत असता तेव्हा माझी नजर इथून हलत नाही, चेट्टा. तुम्ही पापणी लववलीत तरी दिसतं."

लोनप्पन त्या पडद्याकडे बघतच राहिला. आपण आत एकटे असतो असं त्याला वाटत होतं. सहा दिवस ही पोर त्याच्याकडे बघत बसली होती, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि त्याने विचारलं नव्हतं.

तो आत गेला. खटके लागले. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याने फुगा तीनदा दाबला. तिन्ही वेळा दार उघडून रम्लत आली. चौथ्यांदा त्याने दाबला नाही. मग छतातल्या भोंग्यातून रम्लतचा मऊ, घसरता आवाज आला, "मशीन सुरू होत आहे. हलू नये."

बाहेर आल्या आल्या त्याने घाईघाईने पाटीसाठी हात पुढे केला. थ्रेस्याचा जीव खालीवर. काही त्रास झाला का? लोनप्पनने रम्लतसाठी, लेकीला लिहावं तसं, ठसठशीत अक्षरात लिहिलं: "मोळे, या सुरात आम्ही फक्त मरण सांगतो."

रम्लतने वाचलं आणि ती भिंतीला टेकून हसली. "मग कसं सांगू? तुम्हीच लिहून द्या."

सोमवारी तो दोन पानं लिहून घेऊन आला. कुठे थांबायचं तिथे रेघा, कुठे जोर द्यायचा तिथे ठिपके. "मान्य महाजनहो! मशीन आता डावीकडून येईल. ते घुरघुरतं, मनावर घेऊ नये, त्याचा स्वभावच तसा आहे. आम्ही सगळे बाहेर पडद्याशी बसून आपल्याकडेच बघत आहोत. एक मिनिट झालं. आपल्या शेजारणीने आंबोळीचं पीठ वाटायला घ्यायच्या आत आपण मोकळे व्हाल." रम्लतने तीन दिवस सराव केला. लोनप्पन उपचार झाल्यावर बाहेर बसून हाताने ताल धरायचा आणि चुकलं की डोळे मोठे करायचा.

मग तोच पुकारा ती सगळ्या रुग्णांना ऐकवू लागली, आणि एक घोटाळा झाला. लोक हसायला लागले, हसताना गळा हलायला लागला, आणि डॉक्टरीणबाई धावत आल्या. मग ठरलं की आंबोळी आणि शेजारीण जाळी लावायच्या आधी, आणि जाळी लावल्यावर फक्त मशीन आणि मिनिटं. ते चाललं. बाहेरच्या बाकांवर एरवी माणसं आपापल्या चपलांकडे बघत बसायची, ती आता एकमेकांना विचारू लागली, "तुमच्या वेळी शेजारीण आली का?"

बुडालेले दिवस भरून काढताना आठवड्यातून एक-दोन दिवस सकाळी एकदा आणि सहा तासांनी पुन्हा एकदा असा करंट होता. त्या मधल्या वेळात थ्रेस्या त्याला घेऊन मैदानात जायची. डब्यातली पेज त्याच्या सोललेल्या घशाखाली चमचा चमचा उतरवायची आणि डोळा पत्त्यांवर ठेवायची. दुसऱ्या आठवड्यात तिने एका म्हाताऱ्याला बाजूला सरकवून स्वतःच पत्ते हातात घेतले. तिसऱ्या आठवड्यात मंडळींनी तिला विनंती केली की तिने दर वेळी येऊ नये.

तेहेतिसावा करंट झाला तेव्हा लोनप्पनचा घसा भाजल्यासारखा लाल होता आणि आवाजाचा पत्ता नव्हता. वजन मात्र उतरायचं थांबलं होतं. तीन महिने तो पाटीवरच बोलला, पण पाटी आता खरं बोलायची. "आज वाईट." "आज घशात काटे." "एडिये, अगं, आज तू जवळ बस." चौथ्या महिन्यात एका सकाळी त्याने अंगणातून हाक मारली, "थ्रेस्ये!" आवाज खरखरीत, करवंटी घासल्यासारखा. थ्रेस्या आतून म्हणाली, "कोण ते? घरमालक घरी नाहीत." आणि मग दाराशी येऊन म्हणाली, "पुन्हा एकदा."

तोवर सेलचा सगळा धंदा एका रेकॉर्ड केलेल्या बाईने पळवला होता. ती थकत नाही, तिचा घसा बसत नाही, आणि ती सगळ्या गावांत एकाच वेळी असते. लोनप्पनने तिच्याशी भांडण मांडलं नाही. उत्सव आणि मरण एवढं त्याने ठेवलं. ते लोकांना अजून माणसाकडूनच ऐकायचं असतं. सुकुमारनला आता दोन पुकाऱ्यांच्या मधे बोलायला मिळतं, आणि असं दिसून आलं आहे की त्याच्याकडे तीस वर्षांचं साठलेलं बरंच आहे.

दोन वर्षं झाली. दर तपासणीला घशात नळी जाते, आणि आतापर्यंत तिथे काही सापडलेलं नाही. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात लोनप्पन घाबरतो. तसं तो चहा पिता पिता सांगतो.

दर बुधवारी तो हॉस्पिटलात जातो. जाळी लावायची म्हणून जो कोणी नवा आला असेल त्याच्याशेजारी बसतो. परवा वेलायुधन नावाचा ताडीवाला आला होता, मनगटं लोनप्पनच्या पोटरीएवढी. जाळी बघितल्यावर तो उठून दाराकडेच निघाला.

"गड्या, चाळीस हात माडावर चढतोस," लोनप्पन खरखरत म्हणाला, "तिथे भीती वाटत नाही?"

"तिथे हातात झाड असतं," वेलायुधन म्हणाला.

लोनप्पनने आपल्या भीतीची गोष्ट तयार ठेवली होती, तोंड उघडत नाही ती. ती त्याने गिळली. या माणसाला तोंडाची फिकीरच नव्हती. त्याने रम्लतला हाक मारली.

"मोळे, या टेबलाला धरण्यासारखं काही आहे का? फुगा नको. चांगलं घट्ट काहीतरी."

रम्लतने टेबलाच्या कडेने दोन दांडे ओढून काढले. वेलायुधनने ते हातात घेऊन हलवून बघितले, एकदा, दोनदा, माडाची साल तपासावी तसे. मग तो निजला.

दार लागलं. लोनप्पन बाहेर पडद्याशी आला. वेलायुधनची बायको तिथे पदराचा बोळा करून उभी होती. त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि आपणही शेजारी बसला.